चावरं गिऱ्हाईक

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रात पाऊस येवो न येवो, करिअर मार्गदर्शन धो धो कोसळतं. सभागृहं भरतात, तज्ज्ञ पडद्यावर बाण काढून दाखवतात. इंजिनिअरिंगचा बाण अमेरिकेला लागतो, कॉमर्सचा सीएला, आणि आर्ट्‌सचा बाण स्पर्धा परीक्षांच्या रानात शिरतो तो पुन्हा कुणाला दिसत नाही. हल्ली शेवटी ‘हटके करिअर’ असाही एक तक्ता असतो. त्यात ड्रोन उडवणं असतं, चहाची चव घेणं असतं. कुत्र्यांचे केस कापणं मात्र मी अजून कुठल्याच तक्त्यात पाहिलेलं नाही. त्यामुळे बी.कॉम. होऊन बँकेत आकडे जुळवत बसलेली आमची भाची जेव्हा एका रविवारी भर जेवणात म्हणाली, “मी डॉग ग्रूमर होणार,” तेव्हा कुठला बाण कुठे लागला ते कुणालाच कळेना.

“म्हणजे नक्की काय करायचं?” मेहुण्यांनी विचारलं.

“कुत्र्यांची आंघोळ, केस विंचरणं, कापणं, नखं, कान…”

“ते लोक घरी करतातच की.”

“म्हणून तर मग माझ्याकडे आणावे लागतात.”

तिच्या आत्यानं “म्हणजे कुत्र्यांची हजामत!” एवढं म्हणून आमटीची वाटी खाली ठेवली. सगळ्यांचे डोळे आजीकडे वळले. आजी म्हणाली, “नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले. धर्मराज कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारात अडून बसला. दत्ताच्या पायाशी तर चार-चार आहेत. पण इतक्या युगांत त्यांना आंघोळ घालायचं कुणाला सुचलं का? पोर घालते म्हणतेय तर घालू दे.” परंपरेतली एवढी मोठी उणीव आपल्या घरातून भरून निघते आहे म्हटल्यावर विरोध मावळला. आत्यानं आमटीची वाटी पुन्हा उचलली.

धंदा म्हणाल तर तो कालचा नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी आणि पुलांवर कुत्र्यांचे केस कापणारे कारागीर आपलं सामान मांडून बसत. त्यांचं हमखास गिऱ्हाईक म्हणजे पूडल. छातीवर केसांचा भरगच्च डगला, पायांच्या सांध्यांवर गोळे, मागचा भाग सफाचट आणि शेपटीच्या टोकाला गोंडा. हा अवतार पाहून आपल्याला वाटतं, मालकिणीला वेळ जात नसावा. पण मुळात तो शुद्ध व्यवहार होता. पूडल हा पाण्यात पडलेलं बदक उचलून आणणारा शिकारी कुत्रा. अंगावर भिजलेली लोकर घेऊन पोहता येत नाही म्हणून बरेचसे केस कापायचे, आणि थंड पाण्यात छाती नि सांधे गारठू नयेत म्हणून तेवढे ठेवायचे. पुढे बदक गेलं, तळं गेलं, गोंडा तेवढा राहिला.

आपल्याकडे कुत्र्याचा मान कधी केसांवरून ठरला नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. पालखीत बसवण्याआधी त्याची नखं कापली होती का, हा प्रश्न इतिहासकारांना पडत नाही. आमच्या भाचीला पहिला तोच पडला. तेव्हाच ओळखलं, पोरगी या धंद्यात टिकणार.

जपानमध्ये या कामाच्या तिथल्या केनेल क्लबाच्या परीक्षा असतात. सी, बी, ए अशा चढत्या पायऱ्या, त्यांच्यावर शिक्षक आणि सगळ्यांत वर महागुरू. सरावासाठी नकली केसांचा टोप घातलेला कुत्र्याचा पुतळा मिळतो. तो हलत नाही, चावत नाही, टेबलावर शू करत नाही. त्याच्यावर हात बसला म्हणजे कुत्र्याखेरीज सगळं आलं. आपल्याकडे कोर्स आहेत, कार्यशाळा आहेत, प्रमाणपत्रंही मिळतात. पण हातात कात्री आणि दुकानावर पाटी एवढ्या भांडवलावर सुरू झालेलेही कमी नाहीत. भाचीनं रीतसर शिकायचं ठरवलं. पहिल्या दिवशी ती नवी कोरी कात्री घेऊन गेली. बाईंनी ती कपाटात ठेवली आणि तिच्या हातात झाडू दिला. पुढचे कित्येक दिवस केस गोळा करणं, टब घासणं आणि ओली कुत्री धरून ठेवणं, यात विद्यार्जन चाललं होतं.

आंघोळ हा विषय आपण समजतो तेवढा पातळ नाही. माणसाची कातडी आम्लधर्मी, तिचा पीएच साधारण साडेपाच. कुत्र्याची सातच्या आसपास, म्हणजे जवळजवळ उदासीन. (कुत्र्याचा स्वभाव आंघोळीच्या बाबतीत अजिबात उदासीन नसतो, पण तो वेगळा विषय.) म्हणून आपला शॅम्पू त्याला लावला की कातडी कोरडी पडते, खाज सुटते. एक गृहस्थ मोठ्या अभिमानानं म्हणाले, “आमच्याकडे भेदभाव नाही, घरात सगळ्यांना एकच साबण.” समतेचं हे तत्त्व त्यांच्या लॅब्रॅडॉरच्या पाठीवर लाल चट्ट्यांनी उमटलं होतं.

शिवाय विंचरणं आंघोळीआधी, नंतर नव्हे. गुंत्याला पाणी लागलं की तो आवळतो आणि कातडीला चिकटून बसतो. लांब केसांच्या शिट्झूंचे मालक “रोज विंचरतो हो आम्ही” असं शपथेवर सांगतात, आणि ते खरंही असतं. ते वरचे केस विंचरतात. वरून रेशीम दिसतं आणि कंगवा मुळाशी घातला की तिथे जटा. मग अख्खा कोट उतरवावा लागतो. मालकीणबाई रडतात. कुत्रा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मान मोकळी हलवतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

मशीनची पातीही उफराटी. आपल्या सलूनमध्ये मशीनला एक नंबरची टोपी लावली तर केस बारीक आणि चार नंबरची लावली तर मोठे. कुत्र्याच्या पात्यांत आकडा वाढला की केस कमी होतात. चार नंबरचं पातं नऊ-एक मिलिमीटर केस ठेवतं, दहा नंबरचं दीड मिलिमीटर, आणि चाळीस नंबरचं ऑपरेशनपूर्वी डॉक्टर वापरतात. माणसांच्या सलूनमधून या धंद्यात आलेल्या एका उमेदवारानं “थोडे मोठे ठेवा” हे ऐकून आकडा वाढवला. त्यानंतर तो पॉमेरेनियन बरेच दिवस स्वेटर घालून हिंडत होता. महिना मे होता.

पण आकडे, पाती, पीएच हे सगळं पाठ करता येतं. या धंद्याची मूळ अडचण निराळीच आहे. ज्याला सेवा मिळते त्याला ती नको असते आणि ज्याला ती हवी असते तो टेबलावर चढत नाही. पैसे एकानं द्यायचे, सोसायचं दुसऱ्यानं. असा व्यवहार आपल्याकडे गणिताच्या शिकवणीत तेवढा चालतो. मात्र शिकवणीतली मुलं मास्तरांना चावत नाहीत, निदान हल्लीपर्यंत तरी चावत नव्हती.

“आमचा नाही हो चावत!” हे या व्यवसायातलं सगळ्यांत धोक्याचं वाक्य. मालक ते म्हणतात ते खोटं नसतं. तो त्यांना चावत नाही. त्यांनी त्याचे मागचे पंजे कधी उचलून धरलेले नसतात. आपण शाळेत शिकलो की भुंकणारं कुत्रं चावत नाही. टेबलाशी उभं राहिल्यावर कळतं की ही म्हण ज्यानं केली त्यानं फक्त भुंकणारीच कुत्री पाहिली होती. अनुभवी ग्रूमर भुंकण्याकडे लक्ष देत नाही, तो जांभईकडे देतो. टेबलावर कुत्रा जांभई देतो ती झोपेची नसते, ताणाची असते. तो सारखा ओठ चाटतो, तोंड फिरवून डोळ्याच्या कडेनं पांढरं दाखवत बघतो, आणि मग एकदम स्तब्ध होतो. मालक म्हणतात, “बघा, कसा शहाण्यासारखा उभा राहिला!” नेमकं त्याच क्षणी हात मागे घ्यायचा असतो.

म्हणूनच या कामात लोक रेबीजची लस कुत्रा चावण्याआधीच टोचून घेतात. हे ऐकून आत्या हबकली. तिच्या पिढीच्या डोक्यात अजून पोटातली चौदा इंजेक्शनं आहेत. ती जुनी लस आपल्याकडे बंद होऊन वीस वर्षं झाली, आता नवी लस दंडात टोचतात, हे सांगूनही तिचं समाधान होईना. “कुठलीही नोकरी लागल्यावर आधी पेढे वाटतात,” ती म्हणाली, “ही आधी इंजेक्शन घेते.”

नखं हा पुढचा पेपर. कुत्र्याच्या नखात आत जिवंत भाग असतो, त्यात रक्तवाहिनी नि नस. नख पांढरं असेल तर आतली गुलाबी रेघ दिसते. काळं असेल तर काही दिसत नाही. अंदाजानं, कणाकणानं कापत जायचं. आणि निसर्गाची खोडी अशी की एकाच पंज्याला दोन पांढरी आणि तीन काळी नखं असू शकतात. रक्त आलं तर ते थांबवणारी पावडर हाताशी लागते. ती कुत्र्याला पुरते. किंकाळी फोडून खुर्चीत बसलेल्या मालकांसाठी पाण्याचा पेला वेगळा ठेवावा लागतो.

आता एक नाजूक विषय. कुत्र्याच्या शेपटीखाली दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांतला वास हे कुत्र्याचं ओळखपत्र. एरवी त्या आपोआप रिकाम्या होतात; कधीकधी तुंबतात आणि कुत्रा फरशीवर बूड घासत फिरू लागतो. मग कुणाला तरी त्या दाबून मोकळ्या कराव्या लागतात. त्रास नसेल तर उगाच दाबू नयेत, आणि सूज किंवा दुखणं दिसलं तर सरळ डॉक्टरांकडे पाठवावं, असं शहाणे ग्रूमर मानतात. हे सगळं भाचीनं एका लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढणं चालू असताना, शेजारच्या काकूंना हातवाऱ्यांसह समजावून सांगितलं. चूक काकूंची होती. “तुझ्या कामात सगळ्यांत अवघड काय गं?” असं त्यांनीच विचारलं होतं. त्या ओळीतल्या बऱ्याच जिलब्या परत गेल्या.

नाना स्वभाव या एका टेबलावर चढून जातात. लॅब्रॅडॉर आनंदानं येतो, टबात आनंदानं उडी मारतो, बाहेर आनंदानं अंग झटकतो आणि आंघोळ आपली होते. पॉमेरेनियन वजनानं तीन किलो, पण बोलणं जर्मन शेफर्डच्या वरचं. जर्मन शेफर्ड स्वतः ड्रायरच्या आवाजाला घाबरून ग्रूमरच्या कडेवर चढू बघतो. पगला ड्रायर लावताना डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. चपट्या नाकामुळे त्याला श्वास पुरत नाही आणि तो चटकन तापतो. गावठी कुत्रा दाराशी बसून ही सगळी वरात बघत असतो. त्याचे केस आखूड, गुंता नाही, जटा नाहीत. खरारा नि अधूनमधून आंघोळ एवढ्यावर त्याचं सौंदर्य निभावतं. आपल्या मातीतला कारवानही असाच सडसडीत. या दोघांच्या भरवशावर धंदा केला असता तर भाची केव्हाच बँकेत परत गेली असती.

आणि हस्की. सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढायला घडलेला हा प्राणी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि नखं कापायला घेतली की खालच्या सोसायटीतून फोन यावेत अशा स्वरात विलाप करतो. एप्रिल लागला की त्याचे मालक येतात. “फार उकडतंय हो त्याला, पार टक्कल करून टाका.” इथे भाचीचं प्रवचन सुरू होतं. हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन यांना दुहेरी कोट असतो. वरचे राठ केस ऊन अडवतात, आतली लव थंडीत ऊब देते आणि उन्हाळ्याआधी आपणहून गळते. ती गळणारी लव विंचरून काढली की हवा खेळते. मुळापासून कापलं तर कातडी थेट उन्हात येते आणि केस पुन्हा पूर्वीसारखे उगवतीलच याची खात्री नसते. मालक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि म्हणतात, “बरं, मग निदान अर्धं टक्कल?” अशा वेळी आजीचा हवाला कामी येतो. ती एकदा दुकानात आली होती, तेव्हा तिनं एका वाक्यात निकाल लावला. “धनगर भर उन्हात घोंगडी घेऊन हिंडतो, तो काय वेडा आहे?” प्रवचनापेक्षा घोंगडीनं जास्त हस्की वाचवले.

वर्षाचं पंचांगही या धंद्याचं स्वतःचं आहे. पावसाळ्यात गोचीड, बुरशी आणि कधीही न वाळणारे पंजे. गणपतीत पाहुणे येणार म्हणून गर्दी. दिवाळीच्या आधी तर अभ्यंगस्नानासाठी रांग. एका घरातून उटणंही आलं होतं, ते भाचीनं साभार परत केलं. फटाके सुरू झाले की तेच कुत्रे कपाटामागे दडून बसतात आणि त्यांना टेबलावर हात लावू म्हटलं तरी थरथरतात. म्हणून दिवाळीची कामं पहिला सुतळी बाँब फुटण्याआधी उरकायची.

काही मालक फोटो घेऊन येतात. जपानी धर्तीचा तो टेडी बेअर कट, गोल चेहरा, गुबगुबीत पाय. तो पूडलला शोभतो, शिट्झूला शोभतो. एका बाईंना तो त्यांच्या डॉबरमॅनसाठी हवा होता. “केस वाढवायला किती दिवस लागतील?” हा त्यांचा प्रश्न होता. भाचीनं अतिशय गंभीरपणे सांगितलं, “या जन्मात कठीण आहे.”

पैशाची बोलणी येतात तेव्हा सगळे मालक एकाच शाळेत शिकलेले निघतात. “माझी कटिंग दीडशेत होते, याचे दीड हजार?” भाची शांतपणे यादी वाचते. आंघोळ, वाळवणं, गुंता सोडवणं, कटिंग, अठरा नखं, दोन कान, पंज्यांच्या गाद्यांमधले केस. “आणि गरज पडली तर शेपटीखालचंही काम करते. तुमचे सलूनवाले दीडशेत करतात का?” आजवर कुणी पुढे वाद घातलेला नाही.

या दीड हजारांत कंबर, मनगट आणि कान यांची झीज धरलेली नसते. टेबलाशी वाकून कंबर जाते, कात्रीनं मनगट जातं, ड्रायरनं कान बधिर होतात. बारीक कापलेले केस कातडीत काट्यासारखे घुसतात, चष्म्यावर बसतात, डब्यातल्या पोळीवर बसतात. मेहुणे सकाळी चहाच्या कपातून जो केस काढतात तो कुठल्या जातीचा हे आता त्यांना बघताक्षणी कळतं. घरात कुत्रा नाही.

मध्यंतरी लग्नाची बोलणी सुरू झाली. आत्यानं स्थळाला सांगितलं, मुलगी हेअर स्टायलिस्ट आहे, मोठमोठ्या घरची गिऱ्हाइकं आहेत. मुलाची आई खूश. “सिनेमातली कुणी येतात का?” भाची म्हणाली, “एक येतो. पण तो मागच्या वेळी चावला.” बैठकीत शांतता पसरली. मग मुलगा उठून उभा राहिला आणि विचारू लागला, आमच्या बीगलचे कान सारखे का हो वास मारतात? पुढचा तासभर पोहे निवत होते आणि दोघं कानांच्या बुरशीवर बोलत होती. आत्याच्या मते अशी घाणेरडी बैठक तिनं आयुष्यात पाहिली नव्हती. साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे.

इतके दिवस हा कारभार जवळून बघताना मला एक गोष्ट पटली. कुत्र्याला आपण कसे दिसतो याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला आरसा दाखवला तर तो आरशामागे जाऊन बघतो. दोन तास खपून, सुगंधी पावडर लावून, गळ्यात बो बांधून त्याला सोडलं की तो पहिली गाठतो ती मातीची ढिगारी. मालक निकाल बघतात, फोटो काढतात, लाइक मोजतात. कुत्रा फक्त हात बघतो. कान धरणारा हात घाईत होता का, ओरडल्यावर थांबला का, नखाच्या वेळी घाबरला का, एवढंच तो लक्षात ठेवतो. मोठमोठ्या व्यवसायांत काम कसंही करून निकाल चकचकीत दाखवता येतो. इथे निकालाची किंमत शून्य आणि काम करण्याच्या रीतीला शंभरपैकी शंभर. इतकं कडक गिऱ्हाईक आपल्यापैकी किती जणांना झेपेल, सांगता येत नाही.

म्हणून ज्यांना या वाटेनं जायचं असेल त्यांना कुणी विचारलंच तर मी एवढंच सांगतो, प्रमाणपत्र भिंतीवर खुशाल लावा, पण खरी परीक्षा त्याच कुत्र्याच्या दुसऱ्या खेपेला असते. तो दुकानाच्या पायरीशी चारी पाय रोवून बसला आणि मालक दोरी ओढून घामाघूम झाले, तर आपण नापास. स्वतःहून आत आला, तर पास. फेरतपासणी नाही, ग्रेस मार्क नाहीत आणि वशिला अजिबात चालत नाही. बिस्किटाचा थोडा चालतो.